सवयीची हालचाल

सांध्यांची आणि स्नायूंची प्राथमिक तपासणी करायला दोन मिनिटं लागतात. घाई केली तर दीड. आधी तीन प्रश्न विचारायचे. सांधे, स्नायू किंवा पाठीत कुठे दुखतं, आखडतं का? सगळे कपडे एकटीनं, अडचण न येता घालता येतात का? जिना चढता-उतरता येतो का? मग चाल, हात, पाय, पाठ या क्रमानं बघत जायचं. चालून दाखवायचं, वळायचं, परत यायचं. हात डोक्यामागे न्यायचे. मूठ वळायची, बोटांची टोकं एकेक करून अंगठ्याला लावायची. आडवं झाल्यावर गुडघा वाकवून खुबा आत फिरवून बघायचा. शेवटी उभं राहून खाली वाकायचं. त्या वेळी मी मणक्यांवर दोन बोटं ठेवते. पाठ निरोगी असेल तर वाकताना ती बोटं एकमेकांपासून दूर सरकतात.

पंचगंगेकाठच्या एका सूतगिरणीत मी नऊ वर्षं हे काम हातानं केलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. नाव शर्मिष्ठा मगदूम. गिरणीच्या रिंग खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यात, साडेतीनशे बायका होत्या. कातण्याच्या यंत्रांना साचे म्हणतात; दोन साच्यांमधल्या गल्लीत एका पाळीत एक बाई दहा-बारा किलोमीटर चालते. तुटलेला धागा दिसला की वाकायचं, सांधायचं, पुढे जायचं. अशा कामात गुडघे, खुबे आणि कंबर झिजतात, म्हणून वर्षातून एकदा माझ्याकडे यायचं.

दुसरा प्रश्न मी "साडी एकटीनं नेसता का?" असा करून टाकला होता. त्यावर मुमताज मुजावर दर वर्षी म्हणायची, "मॅडम, मी ड्रेस घालते. ह्याच्यावर नापास करणार का?"

त्याच खात्यात माझी थोरली बहीण होती, उज्ज्वला. मी तिला अक्का म्हणते. ती माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर ती चार वर्षं हुपरीला दिराच्या घरी राहिली. तिथं ती सगळ्यांच्या आधी उठायची आणि सगळ्यांच्या नंतर जेवायची. एक दिवस पत्र्याची ट्रंक घेऊन निघाली, ती गिरणीत लागली. गिरणीनं तिला दहा बाय बाराची खोली दिली. नोकरी असेपर्यंत ती खोली तिची. "माझ्या दाराची चावी माझ्या कमरेला हाय," असं ती पहिल्या वर्षी येईल त्याला सांगायची. नंतर सांगायची थांबली, पण चावी कमरेलाच राहिली.

२०३७ साली चालपट्टी आली.

चालपट्टी म्हणजे आठ मीटर लांबीचं राखाडी जाजम. त्याच्या विणीत दाब मोजणारे तंतू असतात आणि चार कोपऱ्यांत अंतर मोजणारे चार कॅमेरे. पाऊल टाकलं की कुठल्या क्षणी किती भार टाचेवर, किती चवड्यावर, हे पट्टी टिपते. कॅमेरे प्रत्येक हाडाची जागा टिपतात. मग हिशेब उलटा चालतो. हालचाल दिसली आहे, तर ती घडवायला कुठल्या सांध्यावर किती बल पडलं असेल आणि कुठल्या स्नायूनं किती ओढलं असेल, ते काढलं जातं. दुखरा खुबा वाचवायला शरीर आपल्याही नकळत भार सेकंदाच्या काही अंशांनी आधी दुसऱ्या पायावर टाकतं. हे डोळ्यांना दिसत नाही, पट्टीला दिसतं. असे लाखो नमुने आणि त्या माणसांचं पुढे काय झालं याच्या नोंदी ताडून ती एक आकडा काढते. त्याला शेष म्हणतात. उभ्यानं करायच्या कामाची तुमच्या अंगात किती वर्षं शिल्लक आहेत, तो हा आकडा.

पट्टी अंथरली त्या दिवशी बायकांनी तिला हळदकुंकू वाहिलं. पुण्याहून आलेला सोवनी नावाचा इंजिनिअर हात हलवत धावला.

"अहो ताई, नको, नको! सेन्सर आहेत त्यात!"

"असू द्या की," अक्का म्हणाली. "सेन्सरला काय कुंकवाचं वावडं हाय?"

"साच्याला चालतंय, मग हिला का नाही?" मागून मुमताज म्हणाली. "का पुण्याची आहे म्हणून?"

सोवनींनी एक कोपरा पुसला आणि बाकीचं तसंच राहू दिलं.

आमच्या गिरणीतल्या बायका गल्लीत शिरण्याआधी साच्याच्या पायाला हात लावतात, तो हात कपाळाला आणि मग छातीला नेतात. नवी आलेली मुलगी दुसऱ्याच दिवशी हे करू लागते, कुणी शिकवत नाही. चालपट्टीवर तर पाय द्यायचा होता. पाया पडल्याशिवाय कोण चढणार? मुमताज आणि आणखी तिघी-चौघी तोंडातल्या तोंडात काही पुटपुटून सरळ चढायच्या. बाकी सगळ्या वाकायच्या.

पट्टीचा प्रोग्रॅम पहिलं पाऊल पडलं की मोजायला लागायचा. त्याच्या आधीचे तीन-चार सेकंद तो टाकून द्यायचा. कॅमेऱ्यांनी मात्र ते टिपलेले असायचे.

विद्यार्थिदशेपासून माझ्या मनावर एक गोष्ट ठसली होती. तपासणी सुरू झाली असं रुग्णाला वाटण्याआधी जे दिसतं, ते सगळ्यात खरं. "चालून दाखवा" म्हटलं की कुणीही नीट चालतं. त्या टाकून दिलेल्या सेकंदांत या बायका काही दाखवत नव्हत्या. त्या फक्त नमस्कार करत होत्या. कंबर किती वाकते, खुबा किती वाकतो, वर येताना हात मांडीवर टेकतो का, कुठल्या पायावर भार जातो, हे सगळं त्यात उघडं पडत होतं. पाठ तपासायला यापेक्षा चांगली हालचाल कुणालाही सुचली नसती, आणि त्या ती आपण होऊन करत होत्या.

मी सहा पानांचं टिपण लिहिलं. तीनशे वीस बायकांची, दोन वर्षांची निरीक्षणं. त्यात एक वाक्य होतं: माणूस सवयीची हालचाल सोडतो, ती दुखू लागते म्हणून. म्हणजे एखादी बाई दोन वर्षं वाकत असेल आणि तिसऱ्या वर्षी वाकली नाही, तर ते न वाकणंही लक्षणच मानावं. ज्या कधीच वाकत नव्हत्या त्यांची नुसती चाल धरावी. सोवनींनी टिपण पुढे पाठवलं. पट्टीच्या नव्या आवृत्तीत ते घेतलं गेलं. आधी शंभरातले एकाहत्तर अंदाज बरोबर येत, ते त्र्याण्णववर गेले. दुखणं लवकर कळेल, लवकर उपचार होतील, असं मला वाटत होतं. तेव्हा शेष कुणाला सांगितलाही जात नव्हता. आकडे मध्यवर्ती केंद्रात साठत होते आणि मलासुद्धा दिसत नव्हते.

पुढच्या वर्षी कायदा झाला. ज्या कामगाराचा शेष पाचपेक्षा कमी आहे त्याला उभ्या कामावर ठेवलं, तर त्याच्या सांध्यांची आयुष्यभराची जबाबदारी मालकावर. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. मी तो मसुदा वाचला होता आणि मला तो आवडलाही होता.

पाचच्या खाली कुणालाच ठेवलं गेलं नाही. शेष राज्यभरच्या नोंदवहीत जात असल्यामुळे गिरणीतून निघालेल्या बाईला शाळेच्या स्वयंपाकघरातही घेत नव्हते आणि दवाखान्यात झाडू मारायलाही. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांची तपासणी आधी झाली. एकोणीस बायका गेल्या.

मार्च महिना अक्काचा होता.

बायका स्वस्थ बसल्या नव्हत्या. कॅन्टीनच्या मागच्या व्हरांड्यात जेवणाच्या सुट्टीत चालण्याचे वर्ग सुरू झाले. मुमताज शिकवायची. तिचा आकडा फेब्रुवारीत अकरा आला होता.

"पोट आत! मान वर! लगीनघरात चाललाय असं चाला, दळण आणायला नव्हे!"

"मुमताज, माझा गुडघा वाजतोय गं."

"वाजू दे. पट्टीला कान नसतात."

अक्का त्यात सगळ्यांत चांगली चालायची. मी खिडकीतून बघत होते. फेब्रुवारीतल्या बायकाही अशाच चालल्या होत्या आणि नापास झाल्या होत्या. का, ते कुणाला कळत नव्हतं. मला कळत होतं. काय मोजलं जातं हे कामगारांना सांगायचं नाही, असं मी लिहून दिलेलं होतं. मोजलं जातंय हे कळलं की मोजमाप बिघडतं, हे कारणही त्यात दिलेलं होतं आणि ते खरं होतं.

मार्चच्या पहिल्या रविवारी दुपारी मी अक्काच्या खोलीवर गेले. तिनं चटई अंथरून ठेवली होती.

"मशीनच्या आधी तू बघ," ती म्हणाली. "तुझा हात बरा. त्यो बोलतो तरी."

मी तिला तपासलं. हात ठीक, मान ठीक. डावा खुबा आत फिरवताना एका जागी अडला. उजव्यापेक्षा दहा-बारा अंश कमी फिरत होता. तिला डाव्या पायावर उभं केलं, तर कमरेची उजवी बाजू बोटभर खाली आली. मी तिला पुन्हा उभं केलं. पुन्हा आली.

"किती?" अक्कानं विचारलं.

"हाताला आकडा कळत नाही."

"मग तोंड का पाडलंस?"

खोलीत तिनं सकाळी सारवल्यासारखी पुसून काढलेली फरशी होती. खिडकीत मेथीची कुंडी होती, खुंटीवर दोन साड्या. मी मनातल्या मनात तीन हा आकडा धरला होता. फार तर साडेतीन.

"अक्का, एक ऐक. पट्टीवर चढताना पाया पडू नकोस."

"म्हंजे?"

"वाकू नकोस. मुमताज चढते तशी सरळ चढ."

"तिचं येगळं. मी पाया न पडता कशी चढू? पाय लागतो तिला."

"चालताना बघत नाही इतकं पट्टी वाकताना बघते."

अक्का उठून बसली. तिनं पदर नीट केला. ती हुशार होती, दहावीला तालुक्यात तिसरी आली होती. तिला वेळ लागला नाही.

"त्या एकोणीस जणी ह्याच्यानं गेल्या?"

"दुखणं होतं म्हणून गेल्या. वाकण्यानं ते दिसलं."

"आणि त्यांना तू सांगितलं न्हाईस."

"सांगायची परवानगी नाही, अक्का."

"मग मला का सांगतीयास?"

मी चटईची कड सरळ केली.

"मशीनला हे शिकवलं कुणी?" ती म्हणाली. "त्या पुण्याच्या पोराला न्हाई सुचायचं. त्येला कुंकूसुद्धा कळत न्हवतं."

"मी लिहून दिलं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. एखादा धागा कुठून सुटलाय ते शोधताना बघावं तसं.

"आम्ही पाया पडत हुतो," ती म्हणाली, "आणि तू ध्यान ठिवून बसलीवतीस व्हय गं, शमे."

मग उठून तिनं चहा ठेवला. त्या दिवशी त्यावर आणखी काही बोलणं झालं नाही.

तपासणीच्या दिवशी ती अंघोळ करून, जाईची वेणी माळून आली. आत मी, जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम, आणि पडद्यावरचा प्रोग्रॅम एवढेच होतो. पट्टीच्या कडेला आल्यावर तिचा उजवा हात मांडीपासून वीतभर सुटला. मग तिनं तो पदराच्या टोकात अडकवला आणि सरळ पाऊल टाकलं. मी श्वास सोडला.

ती सुंदर चालली. लगीनघरात चालतात तशी. वळली, परत आली, पट्टीवरून उतरली. तिच्या लेखी काम संपलं होतं. ती मागे वळली आणि कमरेतून पूर्ण वाकली. तिनं पट्टीला हात लावला, तो कपाळाला नेला, छातीला नेला आणि पाय लागल्याबद्दल हलक्या आवाजात काही म्हणाली. सरळ होताना तिचा हात मांडीवर टेकला नाही. मग माझ्याकडे न बघता ती बाहेर गेली.

पडद्यावर आकडा आला. तीन पूर्णांक एक.

कारणाच्या रकान्यात होतं: सवयीची हालचाल टाळली. कंबर किंवा खुब्यात वेदना असण्याची शक्यता जास्त.

मी ते वाक्य ओळखलं. अक्कानं मागची दोन वर्षं वाकून नमस्कार केला होता आणि या वर्षी केला नव्हता. तिला सांगताना मी मुमताजचं नाव घेतलं होतं. पण मुमताज कधीच वाकली नव्हती आणि अक्का वाकत आली होती, हा एवढाच फरक प्रोग्रॅमला महत्त्वाचा होता, आणि तो मीच त्याला सांगितला होता. सहा पानांतलं ते एक वाक्य माझ्या डोक्यातून निघून गेलं होतं. बहिणीचा खुबा हातात धरलेला असताना मला फक्त खुबा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मी चित्रीकरण उघडलं. संशोधनाच्या काळात मिळालेली चाचणीची सोय माझ्याकडे अजून होती. तिच्यात कुठलाही तुकडा वेगळा काढून शेष काय आला असता ते बघता येतं. मी अक्काचा शेवटचा नमस्कार काढला आणि तो चालीच्या आधी जोडला. पट्टीचा नवा नियम पहिल्या पावलाआधीचाच नमस्कार धरायचा, म्हणून त्या दिवशी तो मोजला गेला नव्हता.

पाच पूर्णांक सहा.

मी चार वेळा केलं. पाच सहा, पाच सहा, पाच पाच, पाच सहा.

माझे हात चुकले होते असंही नाही. डावा खुबा खरंच कमी फिरत होता. पण त्याची उणीव तिची पाठ आणि उजवा पाय इतक्या सहज भरून काढत होते की सगळं मिळून ती बाई अजून साडेपाच वर्षं साच्यावर उभी राहू शकली असती. मी एक सांधा तपासला होता. घाबरलेली असताना मी त्या सांध्यापलीकडे बघितलंच नाही.

अपील करायला तीस दिवसांची मुदत होती. फॉर्म दोन पानी होता. त्यावर कामगाराची सही लागत होती, आणि हालचाल का टाळली गेली याचं तपासनिसाचं लेखी कारण. कारण एकच होतं. मी सांगितलं म्हणून. ते लिहिल्यावर माझा परवाना राहणार नव्हता. गिरणीतल्या सगळ्यांची तपासणीही पुन्हा झाली असती, पास झालेल्यांचीसुद्धा. मी ते लिहिलं. लिहायला पंधरा दिवस घेतले, पण लिहिलं.

तोपर्यंत अक्कानं खोली रिकामी केली होती. खोलीसाठी आठ दिवस देतात. ट्रंक घेऊन ती हुपरीला, दिराच्या घरी परत गेली.

बाविसाव्या दिवशी मी फॉर्म पर्समध्ये घालून हुपरीला गेले. हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं. पुढच्या सोप्यात अक्का पाटावर बसली होती. मांडीवर फडकं होतं आणि फडक्यावर पैंजणाच्या कड्यांचा ढीग. चिमट्यानं एक कडी उघडायची, दुसरी अडकवायची, मिटायची. तिची जाऊ मालूताई दारात उभी होती.

"या मॅडम," मालूताई म्हणाली. "बघा, बसून काम दिलंय हं तुमच्या भणीला. उठायचं काम न्हाई. सकाळी बसली की दिवस मावळंस्तवर. सरकारचाच आकडा हाय म्हटल्यावर आम्ही कशाला उभं करू?"

"चहा टाक की मालू," अक्का म्हणाली. मालूताई आत गेली.

मी पर्सची चेन उघडली. फॉर्मची कड बोटाला लागली.

"थांब," अक्का म्हणाली. "आधी मला बोलू दे. मी बावीस दिस एकच धरून बसलीया." तिनं चिमटा खाली ठेवला. "मी पाया पडले असते तर?"

"अक्का..."

"न्हाई, ऐक. पडले असते तरी नापास झाले असते, तर माझं काय म्हणणं न्हाई. नशीब म्हणेन. पण पास झाले असते असं निघालं, तर तुझं तोंड बघायची न्हाई मी, शमे. मला जमायचंच न्हाई ते. आणि तुझ्याबिगर मला हाय कोण? ह्या घरात?" तिचा आवाज खाली आला. "म्हणून इचारते. खरं सांग. तू खोटं बोलत न्हाईस."

आतून कपबशांचा आवाज येत होता.

मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे की त्या क्षणी मी कुणाला वाचवत होते. तिला बहीण हवी होती. मलाही हवी होती. फॉर्म पर्समध्ये होता, माझं कारण त्यावर लिहून झालं होतं, सही करायला फक्त तिचा हात लागला असता. आणि अपील मान्य होईलच असं नव्हतं. हे सगळं मी नंतर रचलं. तेव्हा माझ्या मनात काहीच नव्हतं.

"तरीही नापासच झाली असतीस," मी म्हणाले.

"किती?"

"तीनच्या आसपास."

तिनं डोळे मिटले. खांदे सैल पडले. मार्चपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला.

"मग बरं," ती म्हणाली. "बरं झालं. म्हंजे दुखणं हायच. मला उगंच वाटायचं तू घालवलंस." तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर, चांदीच्या कड्यांवर ठेवला. "लई वाईट बोलले असंन मनात तुला."

चहा आला. मालूताईनं कप खाली ठेवायच्या आधीच अक्का म्हणाली, "मालू, जरा हात दे गं. मोरीकडं जाऊन येते. आता जपायला पायजे."

हात धरून ती उठली. तिला हात लागत नव्हता. मी ते बघितलं.

पुढच्या आठ दिवसांत मी रोज फॉर्म बाहेर काढला. सही मागायची तर खरं सांगावं लागणार होतं, आणि खरं सांगितलं की ती जे म्हणाली होती ते करणार. ती बोलल्याप्रमाणे वागते. तिसाव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता अपिलाची खिडकी बंद झाली.

मी गिरणीत तपासत राहिले. माझं काम उभ्या प्रकारात मोडतं, माझा आकडा चौदा आहे. बायका पट्टीपुढे वाकत राहिल्या. मी कुणालाच काही सांगितलं नाही. न वाकण्यानं काय होतं ते मला आता माहीत होतं. वाकून काय होतं तेही माहीत होतं. मुमताज एकदा म्हणाली, "मॅडम, तुम्ही आता तो साडीचा प्रश्न विचारत नाही. उत्तर द्यायला मी बसलेलीच आहे हो." मी हसले. तो प्रश्न आता तपासणीच्या फॉर्मवर नव्हता.

हुपरीला मी महिन्यातून एकदा जायचे. जूनमध्ये अक्कानं माडीवर जाणं सोडलं होतं. "चढताना कशाला जोर लावायचा?" ऑगस्टमध्ये देवळात जाणं. पाणी मालूताईची मुलगी आणून द्यायची. अक्का पाटावर बसून कड्या जोडायची. गावात आता तिच्याइतक्या बारीक कड्या कुणी जोडत नाही, असं दीर कौतुकानं सांगायचे. त्या घरात पहिल्यांदाच तिचं कौतुक होत होतं. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, अक्का, थोडं चालत जा, रोज अर्धा तास तरी. ती समजूत काढल्यासारखी हसायची.

"तू माझी भण म्हणून बोलतीस. डॉक्टर म्हणून बोल."

मी डॉक्टर म्हणूनच बोलत होते. पण माझ्याच शब्दानं ती आजारी झाली होती, आणि आता माझ्याच शब्दानं ती बरी कशी होणार?

जानेवारीत तिनं आपण होऊन म्हटलं, "बघ की एकदा तुझ्या हातानं. वरीस होत आलं."

मालूताईनं सोप्यात चटई टाकली. मी तीन प्रश्न विचारले. दुखतं का? हो, कंबर आणि डावी मांडी. कपडे? साडीच्या निऱ्या मालूताई घालून देते. जिना? तिनं नुसती मान हलवली. मी तिला चालायला सांगितलं. भिंतीला हात लावत ती दारापर्यंत गेली आणि भिंतीला हात लावत परत आली. आडवं केल्यावर दोन्ही खुबे सरळ होत नव्हते. दहा महिन्यांच्या बसण्यानं पुढचे स्नायू आखूड झाले होते. मी पर्समधून टेप काढला. डावी मांडी उजवीपेक्षा अडीच सेंटिमीटर बारीक, आणि उजवीही मागच्या वर्षीची राहिली नव्हती. डाव्या पायावर उभी राहा म्हटलं, तर तिनं पाचापर्यंतही मोजलं नाही. तोल जाऊन ती माझ्या अंगावर आली आणि मी तिला धरलं. ती हलकी झाली होती.

तिला पाटावर बसवलं. तिनं फडकं मांडीवर ओढलं, चिमटा घेतला आणि मग वर बघितलं.

"किती?"

या वेळी मला विचार करावा लागला नाही.

"तीन," मी म्हणाले. "कदाचित कमीच."

अक्कानं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. खूप दिवसांनी एखादी गोष्ट जागच्या जागी बसावी, तसं काहीतरी होतं. तिनं एक कडी उचलली, उघडली, दुसरीत अडकवली.

"बघ," ती म्हणाली. "मशीन खोटं न्हवतं बोललं. आणि तू बी न्हाईस."